एक्केचाळीस पोरं आणि उदगीरचा किल्ला

देवणी
रविवार, १२ जानेवारी २०२५

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

वर्षा,

पाकिटावरचं अक्षर बघून फाडू नको. दिवाळीपासून तू माझा नंबर ब्लॉक करून ठेवला आहेस, पण पोस्टमनला काही तुला ब्लॉक करता यायचं नाही. दर रविवारी तू यांच्या फोनवर ऋतुजाशी बोलतेस तेव्हा मी स्वयंपाकघरात असते. भांडी जरा जास्तच वाजतात, ती मीच वाजवते.

दिवाळीत तू लेकीला न्यायला आलीस आणि मी चार माणसांत बोलले, की रात्रपाळी करणाऱ्या बाईच्या हाती पोरगी सुरक्षित राहायची नाही. बोलायची पद्धत चुकली असेल. मोठ्या बहिणीची जीभ आहे, तिला हाड नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे. पण मुद्दा चुकला असं मला अजून वाटत नाही. महांतेशराव गेले, तू नांदेडला दवाखान्यात नर्स म्हणून लागलीस आणि पोरीला माझ्याकडं ठेवलंस, त्याला येत्या जूनमध्ये तीन वर्षं होतील. तीन वर्षांत तिला साधं खरचटू दिलं नाही मी. असो.

परवा शुक्रवारी आमच्या शाळेची सहल झाली. पहिली ते चौथी, एक्केचाळीस पोरं, मी आणि आमचे शेषेराव गुरुजी. एसटीची लाल गाडी करारावर घेतली होती. सकाळी हत्तीबेट, दुपारी उदगीरचा किल्ला. किल्ला तू बघितलेला आहेस, पण बाबांबरोबर उदागीरबाबांच्या दर्शनाला म्हणून. त्या वेळी आपलं सगळं लक्ष बाहेरच्या उसाच्या रसाकडं. या खेपेला मी पोरांना नीट समजावून सांगितलं. तीन बाजूंना दरी, गावाच्या बाजूला खोल खंदक. दरवाजा ओलांडला की वळण, वळणावर पुन्हा दरवाजा, म्हणजे शत्रूचा हत्ती धावत येऊन धडक मारू शकत नाही. बहामनी आले, बरीदशाही आली, आदिलशाही, मोगल, निजाम. सतराशे साठ साली याच मुलखात मराठ्यांनी निजामाला असं कोंडलं की त्याला मोठमोठे किल्ले लिहून द्यावे लागले. भिंतीवरचे फारसी लेख दाखवले. ते मला वाचता येत नाहीत, पण पोरांना वाटलं येतात.

वर महालाच्या खिडकीपाशी मी एक राणीही सांगितली. दरीकडं तोंड करून बसायची आणि धूळ उडाली की आपलं सैन्य आलं की परक्याचं ते ओळखायची. कोणत्या पुस्तकात आहे विचारू नको. पोरं दमली होती, काहीतरी सांगावं लागतं.

सहल छान झाली. मोजून नेली, मोजून आणली. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. ऋतुजा मजेत आहे. माझा घसा तेवढा बसला आहे, ओरडून.

संक्रांतीचा तिळगूळ याच पाकिटात घातला आहे. चुरा झाला तर चुरा खा.

महानंदाताई

*

देवणी
सोमवार, २७ जानेवारी २०२५

वर्षा,

पंधरा दिवस झाले, तुझी ओळ नाही. तिळगूळ तरी पोचला का? यांना विचारलं, "रविवारी वर्षा काही म्हणाली का?" तर म्हणे, "नाही बा." यांच्याकडून बातमी काढण्यापेक्षा विहिरीतून पोहऱ्यानं पाणी काढणं सोपं.

सहलीतली एक गंमत सांगायची राहून गेली. दुसरीकडून कुठून ऐकशील, म्हणून मीच लिहिते. त्या दिवशी किल्ल्यात लोह्याकडची पण एक शाळा आली होती. जिल्हा परिषदेचीच. तोच निळा गणवेश, त्याच दोन वेण्या, बाहेर तशीच लाल एसटी. त्यांची एक पोरगी, पुनम नावाची, आमच्या गाडीत येऊन झोपून गेली. आमच्या ते उदगीर सोडून दहा-बारा किलोमीटरवर लक्षात आलं. खारे शेंगदाणे वाटताना मी तिला हलवलं, तर तोंडच ओळखीचं नाही.

मी विचारलं, "तू कोणाची गं?"

"लोह्याची."

"मंग इथं काय करून राहिलीस?"

"झोप आलती. खिडकी मोकळी व्हती."

गाडी वळवली, पोरगी त्यांच्या गुरुजींच्या हवाली केली आणि परत आलो. अख्खी गाडी हसत होती. एवढंच.

ऋतुजा बरी आहे. हल्ली जेवणात जरा मागंपुढं करते. आणि एक नवीनच खोड लागली आहे. गळ्यातलं इष्टलिंग हातावर घेऊन लिंगपूजेला माझ्या शेजारी बसायची, आता भिंतीकडं तोंड करून बसते आणि दोन मिनिटांत उठते. विचारलं तर म्हणते, "झाली पूजा." वय आहे, जाईल.

पत्र लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालतील.

ताई

*

देवणी
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

वर्षा,

आधीची दोन्ही पत्रं समोर घे. त्यात लिहिलेलं खोटं नाही, पण जे लिहायचं होतं ते लिहिलेलं नाही. आज यांना दुकानात आणि ऋतुजाला शेजारी पाठवून बसले आहे. आता लिहिलं नाही तर मग कधीच व्हायचं नाही.

परकी पोरगी गाडीत होती आणि मोजणी एक्केचाळीस भरली, याचा अर्थ तुझ्या ध्यानात आलाच असेल. नर्स आहेस, हिशोब कळतो तुला. एक आपली मागं राहिली होती. ती ऋतुजा होती.

नियम असा आहे, की सहलीत हजेरी नावानं घ्यायची. मी डोकी मोजली. तेवीस वर्षांची नोकरी, गावची पोरं तोंडपाठ, नावं कशाला घ्यायची असा तोरा. आणि दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. मी सगळ्या पोरांच्या जोड्या लावल्या होत्या. हात सोडायचा नाही, जोडीदार दिसला नाही तर बोंब मारायची. एक्केचाळिसांच्या वीस जोड्या झाल्या आणि ऋतुजा उरली. मी म्हणाले, "तू माझीच आहेस, तुला कशाला जोडी?" चाळीस पोरांवर लक्ष ठेवायला कुणी ना कुणी होतं. तिच्यावर मी होते, आणि मी शेंगदाण्याच्या पुड्या मोजत होते.

ती वर महालात राहिली. राणीच्या खिडकीतून दरी बघत बसली होती. आम्ही खाली उतरलो, तिला कळलं नाही. आम्हाला तर नाहीच कळलं.

पुनमनं "लोह्याची" म्हटलं तेव्हा गाडी हसली, हे खरं. मीही हसले. मग एक्केचाळिसाचा हिशोब आठवला आणि मी उभी राहून नावं घ्यायला लागले. चौथीची नावं घेताना ऋतुजाच्या नावाला कुणी "हजर" म्हणालं नाही. वर्षा, त्यानंतर मी काय ओरडले ते मला आठवत नाही. शेषेराव गुरुजी म्हणतात, तुम्ही ड्रायव्हरच्या हातातलं स्टिअरिंगच धरायला निघाला होता. फोटो काढून काढून माझा फोन बंद पडलेला. गुरुजींचा फोन होता, पण किल्ल्यात कुणाला लावायचा? वाटेत रेल्वेचं फाटक नेमकं बंद. ते उघडेपर्यंत मला सगळं दिसलं. खंदक दिसला, दरी दिसली, पडक्या पायऱ्या दिसल्या. मी दिवाळीत तुला जे बोलले ते शब्द न् शब्द ऐकू आले. बसवण्णांना म्हणाले, एवढी खेप पोरगी दे, मी परत कुणाला शहाणपण शिकवणार नाही.

किल्ल्याच्या दारात लोह्याचे वैजनाथ सर उभे होते. त्यांनी नियमाप्रमाणे नावानं हजेरी घेतली होती, म्हणून त्यांना एक पोरगी कमी असल्याचं तिथंच कळलं होतं आणि ते खंदकाच्या कडेनं हाका मारत फिरत होते. मोठा बाप्या माणूस, डोळे लाल झालेले. पुनम गाडीतून उतरली तशी त्यांनी तिला उचलूनच घेतली. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "म्याडम, तुमची पन एक आमच्याकडं हाय. काळजी करू नगा, चौकीदाराच्या खोलीत बसली हाय."

मी धावले. खोलीत खुर्चीवर ऋतुजा, हातात बिस्किटाचा पुडा. चौकीदार मलप्पा म्हणून आहेत, म्हातारे. ते म्हणाले, "बाई, पोरगी लई धीराची हाय तुमची. मला इचारून राहिली, त्या राणीचं नाव काय म्हनून. आता हितं कोनती राणी, मला काय ठावं?" पुढंही ते काहीतरी सांगत होते. मी ऐकून घेतलं नाही. पोरीला पोटाशी धरलं आणि गाडीत आणून बसवलं.

इथपर्यंत चूक होती. आता पाप सांगते.

घरी आल्यावर मला दुसरी भीती बसली, की तुला कळलं तर तू पोरीला घेऊन जाशील आणि मला तोंड वर करून बोलायला जागा राहणार नाही. मी ऋतुजाला देवघरात नेलं. गळ्यातलं लिंग तळहातावर घ्यायला लावलं आणि म्हणाले, "शपथ घे. किल्ल्यातलं आईला सांगणार नाही." नऊ वर्षांची पोर. मागच्या श्रावणात स्वामींनी दीक्षा दिली तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, हे हातावर असताना खोटं बोलायचं नाही, आणि ती मान डोलवून "हाव" म्हणाली होती. माझ्यापुढंही तिनं तशीच मान डोलवली. शपथ घेतली.

त्या दिवसापासून ती भिंतीकडं तोंड करून बसते. परवा मी मागून जाऊन पाहिलं. ती लिंग बाहेर काढतच नव्हती. झग्यावरून नुसता हात धरून डोळे मिटून बसली होती. आणि पूजा झाली नाही म्हणून पोट भरून जेवतही नव्हती. महिनाभर हे चाललं होतं आणि मी शहाणी तुला लिहिते, वय आहे, जाईल.

झालं लिहून. आता तू येऊन तिला घेऊन गेलीस तरी मी दारात आडवी होणार नाही. तुला जे बोलले होते त्यातलं एक अक्षर बोलायचा अधिकार मला उरलेला नाही. माफी मागते, वर्षा. मोठी आहे म्हणून आजवर कधी मागितली नाही, आज मागते.

महानंदा

संध्याकाळ, त्याच दिवशी

पाकीट चिकटवलं नव्हतं, म्हणून पुढं लिहिते.

ऋतुजा शेजारून आली. मी तिला जवळ घेऊन सांगितलं, "मी आईला सगळं लिहिलं आहे. तुझी शपथ मी परत घेतली. ती माझी शपथ होती, तुझी नव्हतीच. तुला काही पाप लागायचं नाही."

ती रडायला लागली. म्हणाली, "मावशी, मी खोटी शपथ घेतली. आईला तर म्या आधीच सांगितलं व्हतं."

वर्षा! तुला माहीत होतं!

पोरीनं एकेक करून सगळं सांगितलं. मलप्पांनी तिला विचारलं, कुणाचा नंबर येतो का? तिला एकच येतो, तुझा. तू दर रविवारी तिच्याकडून तो म्हणवून घेतेस. त्यांनी आपल्या फोनवरून लावला. तू वॉर्डात होतीस, तरी उचललास. तू मलप्पांना म्हणालीस, तिला तिथंच बसवा, पाणी द्या, कुणाच्याही गाडीवर पाठवू नका, माझी बहीण येईल. मग पोरीला म्हणालीस, घाबरू नको, किल्ला कसा आहे ते मला सांग. आणि ती सांगत बसली. पहिल्या दरवाज्यापासून. खंदक, हत्ती, बहामनी, बरीदशाही, निजामाचं लिहून देणं, सगळं. मी राणीपर्यंत शिकवलं होतं, तिथपर्यंत पोरगी आली तेव्हा माझी गाडी दारात आली. मी ओरडत आत आले ते तू कानांनी ऐकलंस, आणि मग फोन ठेवलास. मलप्पा मला तेच सांगत होते.

माझा फोन तू वॉर्डातल्या दुसऱ्या फोनवरून लावून पाहिला होतास म्हणे. बंद. यांना लावलास, तर ते लातूरला तुरीचा भाव विचारत बाजारात फिरत होते. त्यांनी उचलला तोवर मी पोचले होते. तू त्यांना सांगितलंस, ताईला कळू देऊ नका की मला माहीत आहे. तिला स्वतःहून सांगू द्या. आणि पोरीला तर फोन ठेवतानाच तेच सांगून ठेवलं होतंस.

म्हणजे एका बाजूनं आई म्हणाली सांगू नको, दुसऱ्या बाजूनं मावशी म्हणाली सांगू नको, आणि मध्ये ते लेकरू. दोघींनाही दोन ठेवून द्याव्यात अशी गोष्ट आहे.

यांना दुकानातून बोलावून घेतलं. विचारलं, "तुम्हाला म्हाईत होतं?" तर म्हणाले, "हाव." बस्स. महिनाभर हा माणूस माझ्यासमोर बसून भाकरी खात होता, माझा बसलेला घसा बघत होता, वर मला "नाही बा" म्हणत होता! मी चिडले, मोठ्यानं चिडले. चिडता चिडता मला हसू आलं आणि मग रडू आलं, आणि ऋतुजा घाबरून पाणी घेऊन आली.

वरचं कबुलीपत्र आता फाडून टाकता आलं असतं. तुला सगळं माहीतच आहे. पण शपथ परत घेतल्यावर पोरीनं हात धुतले, लिंग तळहातावर घेतलं, बेलाचं पान वाहिलं आणि माझ्या शेजारी बसून पूर्ण पूजा केली. मग दीड भाकरी खाल्ली. ते बघितल्यावर पत्र फाडायची हिंमत झाली नाही. जसं आहे तसं पाठवते आहे.

ताई

*

देवणी
रविवार, २ मार्च २०२५

वर्षा,

तू शिवरात्रीला आलीस आणि काल गेलीस. चार दिवस समोरासमोर बसून बोललो, आता नंबरही उघडला आहेस, तरी पत्र लिहिते आहे, कारण एक गोष्ट तोंडानं सांगता आली नाही. दोनदा ओठावर आली होती. एकदा आपण किल्ल्यात गेलो नि तू मलप्पांच्या पाया पडलीस तेव्हा, आणि एकदा तिथून परत येताना.

तू म्हणालीस ते मी विसरणार नाही. मी विचारलं होतं, तू पहिल्याच दिवशी येऊन माझं तोंड का फोडलं नाहीस? तू म्हणालीस, "ताई, पोरगी फोनवर घाबरली नाही. तू शिकवलेलं तिला सगळं पाठ हुतं, त्याच्यावरच तर एवढा येळ निघाला. मी नुसतं ऐकून राहिले." आणि मग म्हणालीस, "फोन ठेवला आन बाथरूममध्ये जाऊन लई रडले. पन तुला खाली बघायला लावायला मला यायचं नव्हतं." माझ्या छातीवरून दगड उतरला तो तेव्हा. दीड महिन्यांत पहिल्यांदा मी त्या दिवशी नीट झोपले, उपवासाच्या पोटीसुद्धा.

पण तू अजून समजतेस, की दिवाळीत मी ऋतुजाच्या काळजीनं बोलले होते. पद्धत वाईट, मन चांगलं, असं तू काल यांच्यासमोर म्हणालीस. तसं नाही, वर्षा. तुझ्या रात्रपाळीची मला काही काळजी नव्हती. तू वॉर्डात चाळीस आजारी माणसं सांभाळतेस, एका लेकीला सांभाळणार नाहीस का? मला हे तेव्हाही कळत होतं.

मला ती हवी होती. एवढंच. आम्हाला मूल झालं नाही, वीस वर्षं त्याबद्दल मी कुणाजवळ बोलले नाही, तुझ्याजवळही नाही. ती आली, सकाळी वेणी घालायला माझ्यापुढं बसायला लागली, स्कूटीवर मागं बसून पाढे म्हणायला लागली, आणि मला वाटलं ही माझीच आहे. तू न्यायला आलीस तेव्हा मला "नको नेऊस" म्हणायची लाज वाटली, म्हणून "तुला जमणार नाही" म्हणाले. आणि चार माणसांत म्हणाले, म्हणजे तू परत विचारणार नाहीस.

हे लिहिलं आणि खरंच हलकं वाटलं. कुणापासून काही लपवायचं राहिलं नाही आता. अगदी यांनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, "हाव, ते तर मला म्हाईतच हुतं." या माणसाला काय काय माहीत आहे, देव जाणे.

तिची चौथी एप्रिलमध्ये संपते. आमच्या शाळेत पुढचा वर्ग नाही, तेव्हा पाचवीला नांदेडला ने. तुझ्या घराजवळच्या शाळेत नाव घालून टाक, दाखला मी तयार ठेवते. आजपर्यंत तिनं मला आठ वेळा विचारलं, आईकडं गेल्यावर तुला करमेल का? मी आठही वेळा "हाव" म्हटलं. ते खोटं होतं, पण तेवढं एक राहू दे.

मे महिन्यात तू न्यायला येशील तेव्हा मी स्टँडवर येईन, आणि मी रडेन. लोक बघतील, बघू देत. तू मात्र मला समजवायला थांबू नको. पोरीचा हात धर, नांदेडच्या गाडीत बस, आणि खिडकीतली जागा तिला दे.

तुझी
महानंदा